दोन लाल

चालायची शर्यत असते, हे आमच्या आईला पटवायला मला जेवढा घाम गाळावा लागला तेवढा पुढे मैदानात पंचवीस फेऱ्या मारतानाही गळाला नाही. ती तांदळाची भाकरी थापत होती आणि मी दारात उभी राहून घाबरत घाबरत सांगत होते, की आये, रविवारी माझी शर्यत आहे, दहा किलोमीटर चालायची. तिचा हात परातीतच थांबला. "धावाची असते ती मना ठावं हाय. बैलांची पन असते. पन चालाची? चालत तं मी रोज बाजारान जातंय, मना कोन बक्षीस देतंय?" बाबा ओटीवर वॉचमनच्या डगल्याची बटणं लावत बसले होते, ते खो खो हसले. आमचं घर वाशीजवळच्या पावणे गावच्या गावठाणात. चहूबाजूंनी कारखाने आणि मधे आम्ही. शेजारच्या कारखान्यात पत्रा कापायचं प्रेस मशीन होतं, ते पडलं की आमच्या मांडणीवरची भांडी किणकिणायची. भोंगा झाला की शेजारच्या तीन घरांतले भाडेकरू एकदम बाहेर पडायचे. वारा पूर्वेचा असला की रंगाचा वास, पश्चिमेचा असला की खाडीचा. आणि स्वयंपाकघरात बारा महिने सुकट. माझ्या वह्यांनासुद्धा सुकटीचा वास यायचा, वाशीच्या कॉलेजातल्या मुली नाक मुरडायच्या. मुरडोत बापड्या.

मला या भानगडीत ओढलं तांबे सरांनी. सर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. महाडकडचे, एका कारखान्यात टर्नर होते, आणि तरुणपणी स्वतः चालण्याच्या शर्यतीत राज्यापर्यंत गेलेले. पहिली पाळी सुटली की एमआयडीसीच्या रस्त्यावर चार-पाच पोरांना सराव द्यायचे. कॉलेजची बस चुकली म्हणून मी एकदा झपाझप चालत निघाले होते, तर हा सायकलवरचा माणूस माझ्या बाजूने बराच वेळ चालला. मला वाटलं टवाळ आहे, मी चप्पल काढायच्या बेतात. तर म्हणतो कसा, "ए मुली, कुणाची गं तू? चाल भारी आहे तुझी. फुकट घालवतेस." फुकट घालवतेस हा शब्द मला लागला. मी एकोणीस वर्षांची होते. घरात, गावात, कॉलेजात, कुठेही, माझं काहीतरी भारी आहे असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

चालायच्या शर्यतीचे नियम दोनच, आणि दोन्ही जीवघेणे. एक, कायम एक तरी पाय जमिनीला टेकलेला हवा. दोन, टाच पुढे टेकली की तिथपासून अंगाचा भार त्या पायावर सरळ येईपर्यंत गुडघा ताठ हवा, तसूभरही वाकता कामा नये. सरांच्या काळी हा दुसरा नियम जरा ढिला होता, आमच्या वेळेला कडक झाला. मैदानाच्या कडेला पंच उभे असतात. चुकलात तर आधी समज देणारी पाटी दाखवतात, त्यावर गुडघ्याची खूण. तरी सुधारला नाहीत तर लाल कार्ड लिहून मुख्य पंचाकडे धाडतात, आणि तुमच्या आकड्यापुढे फळ्यावर लाल ठिपका पडतो. तीन वेगवेगळ्या पंचांचे तीन लाल झाले की खेळ खल्लास. मुख्य पंच समोर येऊन लाल थाळी धरतो आणि तुम्ही मुकाट बाहेर व्हायचं. कंबर हलवत असं चालताना माणूस दिसतो बदकासारखा, हे मी मान्य करते. गावातली पोरं मागून "क्वॅक क्वॅक" करत यायची. पण सरांपुढे माझी लाज काहीच नव्हती. टाच कशी पडते ते बघायला हा माणूस भर रस्त्यात पालथा झोपायचा, गाल डांबराला लावून. ट्रकवाले करकचून ब्रेक मारायचे, उतरून विचारायचे, "क्या हुआ, ठोका क्या किसी ने?" सर झोपल्या झोपल्या हात हलवून म्हणायचे, "जाव, जाव, प्रॅक्टिस है."

पहिल्या शर्यतीत नवव्या फेरीला मला बाहेर काढलं. मला कळलंच नाही का काढलं ते. मी चांगली तिसरी चालत होते, दम शाबूत होता, आणि एक टोपीवाला गृहस्थ लाल थाळी घेऊन समोर आला. सर म्हणाले, गुडघा. दुसऱ्या शर्यतीत सतराव्या फेरीला, गुडघा. तिसऱ्या वेळेला मी मुद्दाम हळू चालले, लाज वाटावी इतकी हळू, तर बाराव्यालाच. चौथ्या शर्यतीत मात्र चोविसावी फेरी संपत आली होती. एक फेरी उरली होती हो, एक! दुसऱ्या वळणावर तो माणूस माझ्या दिशेने चालत येताना दिसला आणि मी त्याला चक्क हात जोडले. चालता चालता. त्याने मान खाली घातली आणि थाळी वर केली. त्या दिवशी मी मैदानाबाहेरच्या नळाखाली डोकं धरून रडले, मोठ्याने रडले, कोण बघतंय याची पर्वा न करता. हरण्याचं दुःख वेगळं असतं. शेवटचा आला तरी कागदावर नाव येतं, नावापुढे वेळ येते. माझं नाव चारही वेळा त्या यादीच्या खाली, रेघ मारून, 'अपात्र' म्हणून. मला पहिलं-दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा मला ती रेषा ओलांडायची होती आणि नावापुढे वेळ लिहून हवी होती. घरी मी लाल कार्डांचं वगैरे कधी बोललेच नाही. बाद झाले, एवढंच सांगायचे. आई म्हणायची, "बाद तं बाद. जेव." आणि ताटात एक बोंबील जास्त वाढायची.

चौथ्या खेपेनंतर सर समजूत घालायला घरी आले. त्या दिवशी चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण होतं. आईने पाहुणा म्हणून मोठा नांगा त्यांच्या ताटात घातला आणि सर तो दाताखाली फोडत मला लहानपणी पाय-बिय मोडला होता का विचारू लागले. आईला राग आला. "मोरला? माज्या पोरीचा पाय? चार वर्सांची व्हती तवापासना माज्या बरूबर खाजनात येते ती. चिखलान बाप्या रुततान, पन ही कदी रुतली नाय." आमच्या बोलीत ड चा र होतो, ण चा न आणि ळ चा ल, हे सरांना सवयीचं झालं होतं. पण खाजणाचं त्यांना माहीत नव्हतं. भरती ओसरली की आमच्या बायका कांदळवनापलीकडच्या चिखलात उतरून चिंबोऱ्या नि निवट्या, चिखलातले छोटे मासे, धरायच्या. आईने उठून त्यांना चालून दाखवलं, हातातल्या कालवणाच्या पळीसकट. "गुरघा नरम ठेवाचा. आदी बोटा टाकाची, मंग बाकीचा पाय. ताठ पाय टाकला, टाच टाकली, का मानूस गेला खाली." सरांच्या तोंडातला नांगा तसाच राहिला. "म्हणजे वैनी," ते म्हणाले, "पोरीला हे वळण तुम्ही लावलंत?" आई तोऱ्यात म्हणाली, "मंग कोन लावील? पोरीला वलन आयसच लावते."

सर हसले नाहीत. हात धुताना मला हळूच म्हणाले, "रंजना, आपण आठ महिने चुकीच्या जागी औषध लावत होतो. दम वाढवत बसलो. पंधरा वर्षं जो गुडघा वाकायला शिकलाय तो थकला की आपल्या घरी जाणारच." मग सुरू झाले ते दिवस आठवले तरी माझ्या पोटऱ्या दुखतात. टाचांवर उभं राहून भांडी घासायची. टाचांवर पाणी भरायचं. गुडघ्यामागे लाकडी फूटपट्टी बांधून रस्त्याने जायचं, वाकला की टोचलीच. बाबा म्हणायचे, पोर शिकून सवरून लंगडी झाली. रोज पहाटे तीन तास, संध्याकाळी सर पालथे झोपलेले. "वाकला. वाकला. ताठ. वाकला." तीन महिने मी हे दोनच शब्द ऐकले. आता खारघरला चौदाव्या मजल्यावर राहते, सकाळी खाली फिरायला उतरले की भारीतले बूट घातलेली तरुण मंडळी दिसतात, मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजत. मला त्यांचं कौतुकही वाटतं आणि हसूही येतं. माझी पावलं एक माणूस डांबरावर गाल टेकून मोजायचा, आणि त्यातली निम्मी वाकडी निघायची.

आता मुख्य गोष्ट. पाचव्या शर्यतीला पंधरा दिवस होते. अमावास्या तीन दिवसांवर होती, दुपारची ओहोटी, आणि आईने हाक मारली, चल, आज चिंबोऱ्या चांगल्या भेटतील. मी टोपली घेऊन निघाले. त्या तीन महिन्यांत मी खाजणात उतरलेच नव्हते, हे ना माझ्या ध्यानात आलं ना तिच्या. आई पुढे, मी मागे. कांदळवन संपलं, घट्ट चिखल संपला आणि पुढे तो मऊ, काळा, लोण्यासारखा चिखल लागला. आई त्यावरून सुळकन गेली. मी तिच्या मागे पाय टाकला. टाच आधी. गुडघा ताठ.

पाय गेला तो मांडीपर्यंत. मला आधी हसूच आलं, की अरेच्चा, मी रुतले! दुसरा पाय टेकवून हा काढावा म्हटलं, तर तोही तसाच, ताठ, टाचेवर. दोन्ही पाय मांडीपर्यंत आत. हलवला की आणखी खाली. मी "आये" म्हणून हाक मारली, पण ती लांब गेली होती, वाकून बिळात हात घालत होती, आणि वारा तिच्याकडून माझ्याकडे. किती वेळ ओरडले कोण जाणे. चिखल कमरेला लागला आणि मग मला बाजूच्या ओहोळातलं पाणी दिसलं. मघाशी ते खाडीकडे जात होतं. आता आत येत होतं. भरती सुरू झाली होती. घसा फाटेस्तोवर किंचाळले तेव्हा आईने मान वर केली.

ती धावली नाही. चिखलात धावत नाहीत. पण त्या बाईला इतक्या झरझर येताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "आरवी हो!" ती लांबूनच ओरडत होती. "आरवी हो गो! जल्ली ती शर्यत, आदी आरवी हो!" आडवी हो म्हणत होती, आणि मला ते कळतही होतं, पण भीतीने मी ताठ उभी. पाणी माझ्या पाठीला लागलं. आई जवळ आली, पोटावर पडली, आपली टोपली उपडी करून माझ्या छातीखाली सारली आणि माझ्या मानेवर हात दाबून मला त्यावर पाडलं. मग माझ्या मांडीशी कोपरापर्यंत हात घालून चिखल उकरू लागली. "गुरघा मोर," ती म्हणत होती. "मोर गुरघा. नरम कर." आणि माझा गुडघा मोडेना! तीन महिने रोज घोकून घोकून ताठ केलेला गुडघा जीव जायची वेळ आली तरी वाकायला तयार नव्हता. शेवटी तिने तो पाठीमागून मुठीने ठोसला, जोरात, दोनदा. पाय सुटला. मग दुसरा. पाणी आमच्या दोघींच्या हनुवटीपर्यंत आलं होतं. पोटावर सरपटत आम्ही कांदळवनाच्या मुळ्या गाठल्या आणि तिथे तिने माझ्या तोंडात एक सणसणीत लगावली. त्यानंतर मला छातीशी धरून ती अशी थरथरत होती की माझेच दात वाजत होते का तिचे, कळत नव्हतं.

घरी जाऊन अंग धुणं वगैरे काही नाही. चिखलाने माखलेली आई तडक एमआयडीसीच्या रस्त्यावर गेली, मी मागोमाग. सर नेहमीप्रमाणे रस्त्यावर पालथे पडून कुठल्याशा पोराचे पाय बघत होते. आई त्यांच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली. "मास्तर, उठा. माजी पोर आज खाडीनं गिलली असती. तुमी काय करून ठेवलाव तिच्या पायाचं?" सर धडपडत उठले, आमचा अवतार बघून पांढरेफटक पडले. मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला. "थांब," ते म्हणाले. "टाच आधी पडली? गुडघा ताठ? तू मुद्दाम टाकला नाहीस?" मी म्हटलं, नाही सर, आपसूक पडला. "आपसूक!" सर ओरडले आणि त्यांनी चक्क टाळी वाजवली. "वैनी, झालं! पोरीचं काम झालं!" आईच्या हातात त्या वेळी कोयता असता तर माझं आत्मचरित्र वेगळं झालं असतं.

पण त्यानंतरचे पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. आई मला खाजणात न्यायला तयार नव्हती. तसं तोंडावर म्हणाली, "तुजा पाय आता आमचा नाय रायला." हे बोलताना तिला रडू आलं आणि तिने ते चुलीच्या धुरावर ढकललं. तिच्याबरोबर खाडीत उतरायचं म्हणजे काय होतं हे मला तेव्हा समजलं. घरात आम्ही दोघी फारसं बोलायचो नाही. जे काय बोललो ते चिखलात. ते गेलं. आणि आता शर्यतीतही लाल थाळी दिसली, तर मी जाणार कुठे? तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, अशी गत. सरांनीही सांगून टाकलं होतं, की यंदा बाद झालीस तर मी पुन्हा तुझं नाव देणार नाही, माझ्याच्याने तुझं तोंड बघवत नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी आईने जाहीर केलं, "ह्या येला मी येनार. बगतंय, काय चालतेस ती."

सकाळी मैदानावर पोहोचल्यावर मी तिला माझा आकडा दाखवला, सत्तावीस. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बाजारात बसणारी बाई, आकडे पक्के. मोठ्या फळ्यासमोरच्या पायरीवर ती पदर डोक्यावर घेऊन बसली, शेजारी पाण्याची कळशी. घरून कळशी आणली होती बाईने! चौदा मुली निघाल्या. पहिल्या पाच-सहा फेऱ्या कशा गेल्या मला कळलंच नाही. पाय असे पडत होते, की जणू माझे नव्हतेच. आठव्या फेरीला दुसऱ्या वळणावरचा उंच पंच वाकला, माझ्या गुडघ्याकडे टक लावून बघितलं, आणि पाटी दाखवली. मनात म्हटलं, ताठ, बये, ताठ. पुढच्या फेरीला फळ्यावर सत्तावीसपुढे लाल ठिपका.

पंधराव्या फेरीला दुसरा. हा सरळ पट्टीवरच्या पंच बाईंचा. दोन लाल, आणि दहा फेऱ्या शिल्लक. मैदानात पाच पंच होते, दोघांनी लिहिलं होतं, उरले तीन. त्या तिघांपैकी कुणीही एकाने एकदा लिहिलं की संपलं. फेरीत तीन वेळा मी त्यांच्यापुढून जाणार, दहा फेऱ्यांत तीस वेळा. मला हे गणित करायचं नव्हतं तरी डोकं करत होतं. त्याच सुमाराला माझ्या पुढच्या एका मुलीला, चौदा आकड्याच्या, तिसरा लाल पडला. तिला बाहेर काढलं, ती सावलीत जाऊन बसली, कुणीतरी तिला पाणी दिलं. मी पायरीसमोरून गेले तेव्हा आई उभी राहिली होती. आणि तिचा आवाज, जो खाडीच्या या काठावरून त्या काठाला जातो, सगळ्या मैदानावर घुमला. "दोन झालं गो रंजू! अजून एक लाल घे! एकच रायला!"

मला वाटलं माझ्या कानांत काहीतरी झालं. पुढच्या फेरीला पुन्हा. "घे घे! ती चौदावाली बग, तिचं तीन झालं, बसली बग ती सावलीन! तू पन घे नि बस!" लोक हसू लागले. एक पंच तोंडावर हात धरून वळले. आणि मला उमगलं, की फळ्यावर बहुतेक पोरींपुढे कोरं आहे आणि माझ्यापुढे दोन लाल, म्हणजे आईच्या हिशोबी मी सगळ्यांच्या पुढे होते. तिसरा घेतला की जिंकले, सुटले, सावलीत पाणी. सर समोरच्या बाजूला कठड्याला चिकटून उभे होते, हातवारे करून तिला गप बसवत होते, तिला वाटलं तेही हुरूप देताहेत. ती अजूनच चेकाळली. विसावी फेरी, एकविसावी, बाविसावी. मांड्या दगड झाल्या. गुडघ्याच्या मागे काहीतरी सुटत चाललंय असं वाटायला लागलं, आता वाकेल, आता वाकेल. दर फेरीला ती हाक, "एक घे गो! सोरू नको!" आणि मी दात ओठ खाऊन मनात म्हणतेय, नाही घेणार, आये, मेले तरी नाही घेणार.

शेवटची फेरी. दुसरं वळण. मागच्या वेळी जिथे हात जोडले होते तसलंच वळण, आणि मुख्य पंच लाल थाळी हातात घेऊन चालत येताना दिसला. माझ्याकडेच. मी त्याच्याकडे बघायचं नाही ठरवलं. जोपर्यंत समोर येऊन धरत नाही तोवर मी चालणार. टाच, ताठ. टाच, ताठ. तो माझ्या बाजूने पुढे निघून गेला. माझ्या मागे वीस पावलांवर एक मुलगी होती, ती "नको ना सर" म्हणाली, ते मी ऐकलं. मागे वळून पाहिलं नाही. आजही त्या मुलीचा आवाज आठवला की मला माझीच लाज वाटते, कारण त्या क्षणी मला फक्त आनंद झाला होता.

रेषा ओलांडल्यावर मी बसले नाही. शेवटच्या काही पावलांवर कुणी लिहिलं असेल तर रेषेनंतरही बाद करतात, मला ठाऊक होतं. मी तशीच उभी राहिले, गुडघे ताठ. सगळे पंच टेबलाशी जमले, कागद लावत बसले. किती वेळ गेला देव जाणे. मग लाउडस्पीकर खरखरला आणि नावं वाचायला लागला. चौदातल्या नऊ जणींनी पूर्ण केली होती. आठवी, सत्तावीस नंबर, आणि माझं नाव, आणि त्यापुढे मिनिटं आणि सेकंद. शेवटून दुसरी. मी खाली बसले ती ढसाढसा रडायलाच लागले. सर कठडा ओलांडून आले आणि त्यांनी काय करावं, तर सवयीने माझ्या गुडघ्यांवरून हात फिरवला.

तोवर आई कळशी घेऊन आली. तिने फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी जो कळवळा होता तो मी विसरणार नाही. "दोनच भेटलं?" ती म्हणाली. सर सांगायला तोंड उघडत होते, मी त्यांचा हात घट्ट दाबला. "हो आये," मी म्हटलं, "दोनच." तिने माझ्या तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं. "आसू दे. दोन काय कमी हाईत? कितीक पोरींना तं एक पन नाय भेटला."

मी पुढे पाच वर्षं चालले, कधी चौथी आले, कधी पुन्हा बादही झाले, पण आई परत मैदानावर आली नाही आणि मी तिला कधी खरं सांगितलं नाही. आधी हिंमत झाली नाही, नंतर गरज वाटली नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली. दहाव्याला गावातल्या बायका जमल्या होत्या, त्यात तिच्याबरोबर आयुष्यभर खाजणात उतरलेली हिराकाकी होती, आता पार थकलेली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुजी आय दर येला सांगाची गो. रंजूला माज्या समोर दोन लाल भेटलं. तिसरा तिचा थोरक्यात हुकला."

मी म्हटलं, "हो काकी. अगदी थोडक्यात हुकला."